मक्कळिसै : मार्गळी महिन्यातला लोकांचा संगीत महोत्सव

तमिळ पंचांगातला मार्गळी महिना डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतो. या काळात चेन्नईच्या सभागृहांत कर्नाटक संगीताचा मोठा हंगाम भरतो. १९२८ साली स्थापन झालेली म्युझिक अकादमी ही त्यातली नामवंत संस्था. या हंगामावर ब्राह्मणी वर्चस्व राहिले. कष्टकरी वस्त्यांतल्या गाण्याला आणि वाद्यांना तिथे जागा मिळाली नाही.

याच महिन्यात, २०२० पासून, चेन्नईत ‘मार्गळियिल मक्कळिसै’ हा महोत्सव सुरू झाला. मक्कळिसै म्हणजे लोकांचे संगीत. ‘कबाली’ आणि ‘काला’चे दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने तो सुरू केला.

कोणते संगीत?

पराई हे हलगीसारखे, चामड्याने मढवलेले वाद्य. ज्या समाजाने ते वाजवले त्याला अस्पृश्य ठरवले गेले. त्या जातीच्या नावावरूनच इंग्रजीत ‘पराया’ हा बहिष्कृतासाठीचा शब्द गेला. ओप्पारी हे मृत्यूनंतर गायले जाणारे शोकगीत. गाना ही उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतली गायकी, तीही अंत्ययात्रेशी जोडलेली. जे संगीत प्रेतापुढे चालायचे, ते या महोत्सवात मंचावर, माइकसमोर आणि कलावंताच्या नावानिशी ऐकवले जाते.

कास्टलेस कलेक्टिव्ह

या महोत्सवाआधी, ६ जानेवारी २०१८ रोजी, चेन्नईत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या बँडचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. गाना, पराई, रॅप आणि गिटार यांचा त्यात मेळ आहे. आरक्षण, जातीय हत्या हे त्यांच्या गाण्यांचे विषय. बँडमधली गायिका इसैवाणी हिचा बीबीसीच्या २०२० च्या शंभर महिलांच्या यादीत समावेश झाला. गाना गायकी पुरुषांचीच मानली जात होती, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

नावामागचा बौद्ध धागा

‘कास्टलेस’ हे नाव पंडित अयोथीदास (१८४५-१९१४) यांनी वापरलेल्या ‘जातिभेद नसलेले तमिळ’ या संज्ञेतून आले. त्यांनी १८९८ मध्ये शाक्य बौद्ध संस्था स्थापन केली आणि १९०७ पासून ‘तमिळन’ साप्ताहिक चालवले. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या अर्धशतकाहून आधी तमिळ भूमीत बौद्ध विचार असा उभा राहिला होता.

आपण काय घ्यावे?

महाराष्ट्रात भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादांची गाणी हा आपला वारसा. तरीही आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे हलगीवाला आणि शाहीर मागे पडतो. आम्हाला वाटते, प्रत्येक जयंती मंडळाने तीन गोष्टी ठरवाव्यात : लोककलावंताला मुख्य मंच द्यावा, पत्रिकेत त्याचे नाव छापावे आणि मानधन आधी ठरवून वेळेवर द्यावे. त्याच्या कलेचा आदर करायचा तर सुरुवात इथूनच होते.