अरण्य : इंदुरातील गरिबांच्या घरांचा प्रयोग

इंदूर दरबाराच्या निमंत्रणावरून नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली शहराविषयीचा अहवाल सादर केला. जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. रहिवाशांना न हुसकावता सुधारणा व्हावी, हा त्यांचा आग्रह. पुढील साठ-पासष्ट वर्षांत शहर फोफावले आणि झोपड्याही वाढल्या.

१९८३ साली बाळकृष्ण दोशी (जन्म पुण्याचा, १९२७) यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने इंदूर विकास प्राधिकरणासाठी ‘अरण्य’ वसाहतीचा आराखडा तयार केला. जागा सुमारे ८५ हेक्टर, घरे साडेसहा हजारांच्या घरात. पैसा मात्र मोजका. म्हणून सर्वांत गरीब कुटुंबाला पुरे घर न देता भूखंड, जोते, नळ, संडास-न्हाणी व एक खोली एवढेच द्यावयाचे ठरले. बाकीचे घर त्याने ऐपतीनुसार वाढवावे. परसात अंगण असलेल्या दहा-दहा घरांचे पुंजके गल्लीकडे तोंड करून बसविले. वीस घरांस मिळून एक सेप्टिक टाकी. विशेष म्हणजे गरिबांना गावकुसाबाहेर न लोटता प्रत्येक विभागाच्या मध्यभागी जागा दिली. सधनांचे भूखंड कडेला. नमुन्याची ८० घरे दोशींनी स्वतः रचली. त्यांतील ओटे, जिने, सज्जे वाड्यात वाढलेल्या माणसास परके वाटणार नाहीत.

१९९५ साली या वसाहतीस आगाखान वास्तुकला पारितोषिक लाभले. पुढे मात्र अनेक मूळ कुटुंबांनी भूखंड विकले आणि त्या जोत्यांवर मध्यमवर्गीयांचे मजले चढले. घर वाढविण्याची सोय आराखड्यात होती. वाढत्या भावापुढे गरिबाला तेथेच टिकवून धरण्याची नव्हती.