ऊस गेल्यावर

कराडला अप्पांच्या दातांच्या दवाखान्यात फीचा फलक कधीच नव्हता, लाल कापडी बांधणीची उधारीची वही होती. बऱ्याच नावांपुढे ‘ऊस गेल्यावर’ एवढीच नोंद असे. कारखान्याचं बिल हातात पडल्याशिवाय शेतकरी पैसे आणणार कुठून? मधल्या काळात शेंगा, गूळ यायचा, पण तो अप्पा जमेत धरत नसत. आईचं यावर वेगळं मत होतं.

खरी बुडीत खाती रूट कॅनालची. पहिल्या सिटिंगला नस काढली की ठणका थांबतो. मग कॅप बसवायला कोण येतंय! कवळीचंही तेच. माप घेतलं, लॅबचं बिल अप्पांनी भरलं आणि पेशंट गेला पुण्याला मुलाकडे. अखेर नियम झाला: माप घेतानाच निम्मे, कवळी बसली की उरलेले. कुरकुर झाली, पण पेशंट तुटले नाहीत.

२०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी नोटाबंदीही झाली. आता दवाखान्यात माझ्या टेबलावर क्यूआर कोड आहे. त्याने ‘सुट्टे नाहीत’ ही सबब तेवढी संपवली. वसुली सुधारली ती अप्पांच्या ‘निम्मे आधी’मुळेच.