परिचारिकांची बांधिलकी आणि कामाचे समाधान

रुग्णालयात डॉक्टर दिवसातून एक-दोनदा फेरी मारून जातात. चोवीस तास रुग्णाजवळ असतात त्या पाळीपाळीने काम करणाऱ्या परिचारिका. साहजिकच, रुग्णसेवेचा दर्जा बऱ्याच अंशी त्यांचे कामातील समाधान आणि रुग्णालयाशी असलेली बांधिलकी यांवर अवलंबून असतो.

या दोन्ही गोष्टी एकच नव्हेत. समाधान म्हणजे काम, वेतन, वरिष्ठांची वागणूक यांविषयीची भावना. तर बांधिलकी म्हणजे संस्थेशी जडलेले नाते. मानसशास्त्रज्ञ जॉन मेयर व नॅटली अ‍ॅलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार मांडले. आपुलकीतून येणारी, कर्तव्यभावनेतून येणारी आणि नोकरी सोडल्यास होणाऱ्या नुकसानीच्या धास्तीतून येणारी. म्हणूनच, परिचारिका वर्षानुवर्षे टिकून आहे याचा अर्थ ती समाधानी आहेच, असा होत नाही.

बांधिलकीचे विलक्षण उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत सुमारे ४२ वर्षे सहकारी परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. मात्र त्या हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी कामाची स्थिती सुधारावी म्हणून संपही केला होता. सेवाभाव आणि हक्कांची मागणी परस्परविरोधी नाहीत, हेच यातून दिसते.

असमाधानाचे एक प्रमुख कारण कामाचा बोजा हे आहे. लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिच्या असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी, तर मानसिक थकव्याची २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यताही ७ टक्क्यांनी अधिक होती. कॅलिफोर्नियात २००४ पासून परिचारिका-रुग्ण प्रमाण कायद्याने बंधनकारक आहे.

वेतन हा दुसरा कळीचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने, २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत राज्य सरकारी परिचारिकांइतके, तर ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही किमान २० हजार रुपये मासिक वेतन देण्याची शिफारस केली.

वेतनाखेरीज सन्मानालाही महत्त्व आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये, परिचारिकांचा तुटवडा असतानाही त्यांना टिकवून ठेवणाऱ्या ४१ रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. निर्णयांत सहभाग, पाळ्यांची सोयीस्कर आखणी आणि कामातील स्वायत्तता ही त्यांची वैशिष्ट्ये होती. परिचारिकांच्या सेवाभावाची स्तुती करणाऱ्या व्यवस्थापनांनी या बाबींकडेही पाहणे आवश्यक आहे. अपुऱ्या मनुष्यबळाची उणीव केवळ सेवाभावाने फार काळ भरून निघत नाही आणि तिची किंमत अखेर रुग्णालाच मोजावी लागते.