आदिवासी गावातील कृषी पर्यटन: महिलांच्या श्रमाचा हिशेब आधी करा

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे भंडारदरा, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरात, मे अखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहायला पर्यटकांची रीघ लागते. येथील गावांत प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे राहतात. पर्यटक बाहेरच्या हॉटेलात उतरला तर गावाच्या वाट्याला गाड्यांची धूळ आणि प्लॅस्टिक तेवढे येते. तोच पाहुणा शेतकऱ्याच्या घरी राहिला, जेवला, तर पैसा गावात राहतो. पण तो घरातील बाईच्या हातात पडतो का, हे व्यवसायाच्या मांडणीवर ठरते.

हंगामाची अडचण

काजव्यांचा हंगाम आणि खरिपाची तयारी एकाच वेळी येते. भात-नागलीच्या रोपांचे वाफे तयार करणे, सरपण-गोवऱ्या कोरड्यात भरणे, घर शाकारणे ही कामे याच पंधरवड्यात असतात आणि त्यातील बरीचशी बायकाच करतात. शिवाय डोंगरावरच्या वाड्यांना पाण्याची सर्वाधिक टंचाईही तेव्हाच असते. पाहुण्यामागे दिवसाला 50 लिटर पाणी धरले, तरी दहा पाहुण्यांचे 500 लिटर होते. हे पाणी डोक्यावरून येणार असेल तर पाहुणे कमी घ्यावेत किंवा टँकरचा खर्च दरात धरावा.

उदाहरणादाखल हिशेब पाहू. एका पाहुण्याचे एक रात्र, दोन जेवणे व नाश्ता यांचे 1200 रुपये घेतले. त्यातील 600 घराला, 150 वाटाड्याला, 100 गावाच्या निधीला आणि 350 नोंदणी, जाहिरात व इतर व्यवस्थेला, अशी वाटणी ठरली. तीन पाहुण्यांचे घराला 1800 मिळाले. किराणा, सरपण व धुणे यांचे 840 वजा केले की 960 उरतात. बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात. घरातील दोन महिलांचा दिवस त्यात गेला आणि शेतावर 350 रुपये रोजाने बदली मजूर लावावे लागले, तर 700 आणखी वजा होतात. हाती राहतात 260. म्हणून गर्दीच्या पंधरवड्यात सवलत देऊ नये, उलट दर वाढवावा. माझ्या मते लावणी-बेणणी उरकल्यानंतरचा रानफुलांचा काळ आणि भात काढणीनंतरचा हिवाळा कुटुंबाला अधिक सोयीचा आहे.

पैसा आणि पाळी

पाहुणे कोणाकडे जातील हे महिला बचत गटाने पाळी लावून ठरवावे. तसे न केल्यास रस्त्यालगतची, फरशीचे न्हाणीघर असलेली दोन-तीन घरेच सगळे पाहुणे घेतात. घराची रक्कम थेट महिलेच्या बँक खात्यात जमा करावी. सातबारा पुरुषाच्या नावावर असतो, म्हणून खातेही त्याचेच, ही सवय मोडणे कठीण जाते; विस्तार कर्मचाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत हा मुद्दा घ्यावा.

बाहेरचा गुंतवणूकदार जमीन भाड्याने मागू लागला तर सावध राहावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकणे, भाडेपट्ट्याने देणे किंवा गहाण ठेवणे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय करता येत नाही. साध्या कागदावरच्या 'समजुतीच्या करारा'वर अंगठा उठवू नये.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 पासून लागू आहे. केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी 2023 मध्ये 'आई' धोरण आले असून त्यात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळण्याची सोय आहे. अटी अर्जापूर्वी कार्यालयातून तपासून घ्याव्यात. जेवण विकायचे असल्यास अन्न परवाना किंवा नोंदणी लागते.

काजवे टिकले तरच

नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणेने शोधतात. गाडीचे दिवे, विजेऱ्या, मोबाइलचा फ्लॅश यांनी ही खूण बुजते आणि मीलन होत नाही. अंडी ओलसर मातीत घातली जातात, अळ्या गोगलगायींवर जगतात. त्यामुळे झाडाखाली गर्दी तुडवत फिरली की पुढच्या वर्षीची पिढीच कमी होते. गाड्या गावाच्या वेशीबाहेर थांबवाव्यात, विजेरीला लाल कागद लावावा, पायवाट सोडू देऊ नये. बांधावर तणनाशक, कीटकनाशक फवारू नये. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाचे नियम पाळावेच लागतात.

ताटात काय वाढावे

पनीर आणि बाजारचा तांदूळ आणून वाढण्यात अर्थ नाही. नागलीची भाकरी, गावठी वालाची भाजी, हातसडीचा स्थानिक भात हीच इथली खासियत. देशी बियाण्यांच्या जतनासाठी 2020 मध्ये पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या. पाहुण्यांना निघताना नागली, वरई, वाल यांची अर्ध्या किलोची पुडी विकता येते. अशा विक्रीत वेगळे कष्ट कमी आणि पैसे लगेच हाती येतात. बियाण्याचा साठा मात्र आधी बाजूला काढावा. नाच-गाणी मागणीवरून सादर करायची की नाही, हे गावाने ग्रामसभेत ठरवावे. सणाचा नाच रोज रात्री नऊला करायला लावणारे आयोजक मी पाहिले आहेत, त्यांना सरळ नकार द्यावा.

पहिल्या हंगामात चार-पाच घरे आणि एका वेळी बारा-पंधरा पाहुणे, एवढ्यावरच थांबावे. शौचालय आणि पाण्याची सोय झाल्याशिवाय पुढचे घर यादीत घेऊ नये.