एका पॅनमधला टॅको आणि दोन चमचे तिखट

तर झालं असं की, एका शनिवारी संध्याकाळी "फक्त २० मिनिटांत, एकाच पॅनमध्ये" असं आमिष दाखवणारी एक अमेरिकन टॅको-डिनरची कृती हाती लागली. खिमा, कांदा, टोमॅटो, वरून मक्याचे चिप्स आणि चीज. शिवाय "दोन मोठे चमचे चिली पावडर". चिली पावडर म्हणजे लाल तिखट, त्यात शंका घेण्यासारखं काय आहे? घातलं. पहिल्या घासानंतर घरात जे काही झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दही संपलं, साखरेचा डबा फिरला आणि शेवटी रात्री साडेनऊला वरणभाताचा कुकर लावला.

नंतर शोधाशोध केली तेव्हा कळलं की अमेरिकेतली चिली पावडर म्हणजे तिखट नव्हेच. तो एक मसाला आहे! सौम्य वाळलेल्या मिरच्या, जिरं, ओरेगानो, लसूण वगैरे. म्हणजे कोणी गोडा मसाला मागावा आणि आपण गूळ काढून द्यावा, तसला माझा घोटाळा. मग एका मसाल्याला नुसती "मिरचीपूड" का म्हणतात? हा धागा ओढत गेलो तो थेट टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला पोचलो.

तिथे 'चिली' हे मुळात एका पदार्थाचं नाव आहे. चिली कॉन कार्ने, म्हणजे मिरच्या घालून शिजवलेलं मटण-बीफचं रटरटतं कालवण. चिली पावडर म्हणजे त्या चिलीचा मसाला, आपल्याकडे पावभाजी मसाला असतो तसा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनिओच्या चौकांत संध्याकाळ झाली की मेक्सिकन बायका टेबलं मांडायच्या, कंदील लावायच्या आणि हे कालवण विकायच्या. लोक त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणायचे. सैनिक, व्यापारी, रेल्वेने आलेले पर्यटक, सगळे एकाच बाकावर बसून जेवत.

तिथून जवळच न्यू ब्राउनफेल्स नावाचं जर्मन वस्तीचं गाव. तिथल्या विल्यम गेबहार्ट नावाच्या खाणावळवाल्याची अडचण अशी होती की चिलीला मागणी वर्षभर, पण मिरच्या मिळणार हंगामातच. त्याने मेक्सिकोतून वाळक्या मिरच्या मागवल्या, त्यात जिरं वगैरे घालून दळल्या आणि १८९० च्या दशकात ती पूड बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. इंजिनिअरच्या नजरेने बघाल तर उत्तम काम! हंगामाची अट गेली, चव प्रत्येक वेळी तीच, आणि ज्याने आयुष्यात चिली पाहिली नाही त्यालाही ती करता येऊ लागली.

चौकातल्या बायकांचं काय झालं? शहराने त्यांना आधी या चौकातून त्या चौकात हलवलं. १९३० च्या दशकात आरोग्य खात्याने स्वच्छतेचे नियम कडक केले, आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या चौकांतून कायमच्या गेल्या. बाटलीवर गेबहार्टचं नाव राहिलं. त्यांच्यापैकी बहुतेकींची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.

हा झाला पॅनमधला मसाला. आता वरचे चिप्स. मेक्सिकोत टॅको म्हणजे बहुतेकदा मऊ टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, आणि तिच्यात दुमडलेलं सारण. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, मग वाटायचा. (चुना जिभेसाठी नाही, पोषणासाठी. त्याशिवाय मक्यातलं नायसिन शरीराला नीट मिळत नाही. मका घेतला पण चुना विसरला, म्हणून युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिणेत लोकांना पेलाग्रा झाला.) तळलेले टॅकोही मेक्सिकोत पूर्वीपासून होतेच. पण कुरकुरीत कवच, त्यात बीफचा खिमा, लेट्यूस, टोमॅटो आणि किसलेलं चेडर चीज, हा जो 'अमेरिकन' टॅको पॅनमध्ये मोडून घालायचा असतो, तो मेक्सिकन स्थलांतरितांनी अमेरिकेतल्या दुकानात जे मिळालं त्यातून घडवलेला आहे.

कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये लुसिया रॉड्रिगेझ या बाईंनी १९३७ साली मिटला कॅफे सुरू केला. तिथे असे टॅको मिळत. समोरच ग्लेन बेल नावाच्या तरुणाची हॅम्बर्गरची टपरी होती. समोरची गर्दी बघून तो तिथे जेवायला जाऊ लागला आणि घरी येऊन त्या टॅकोचं रिव्हर्स इंजिनिअरिंग करू लागला. ते काही जमेना. शेवटी मिटलाच्या लोकांनीच त्याला स्वयंपाकघरात घेऊन दाखवलं, असं सांगतात. पुढे १९६२ साली त्याने टॅको बेल काढलं आणि १९७८ मध्ये ते पेप्सिकोला विकलं. आधीच तळून ठेवलेलं कवच ही आपलीच युक्ती, असं तो सांगायचा. पण न्यूयॉर्कमधल्या हुवेन्सिओ माल्दोनादो या मेक्सिकन हॉटेलवाल्याला टॅकोची कवचं तळायच्या साच्याचं पेटंट १९५० सालीच मिळालं होतं!

मला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. ज्या काळात मिटलामध्ये गर्दी होत होती, त्याच काळात त्याच शहरात मेक्सिकन वंशाच्या लोकांना नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावात प्रवेश नाकारला जात होता. त्यांच्या हातचा टॅको चाले, त्यांची मुलं पाण्यात चालत नसत. हे काही आपल्याला ऐकून नवीन वाटायला नको. महाडचं चवदार तळं १९२७ चं. सॅन बर्नार्डिनोत या अन्यायाविरुद्ध समिती उभी राहिली, तिच्या बैठका मिटला कॅफेत होत. पत्रकार इग्नासिओ लोपेझ आणि इतर काही जण कोर्टात गेले आणि १९४४ साली खटला जिंकले. तलाव खुला झाला. ज्या टेबलांवर टॅको वाढले जात, त्याच टेबलांवर हा लढा ठरला.

उरली 'एकाच पॅनमध्ये'ची गोष्ट. १९७१ साली जनरल मिल्सने हॅम्बर्गर हेल्पर बाजारात आणलं. एक पौंड खिमा, एक पाकीट, एक पॅन. दमून आलेल्या माणसाला अजून काय हवं? आजच्या टॅको-पॅनची रीत तीच. यात वाईट काहीच नाही. गेबहार्टने खरोखर एक अडचण सोडवली, बेलनेही सोडवली. फक्त आमच्या धंद्यात दुसऱ्याचा चार ओळींचा कोड उचलला तरी वर त्याचं नाव ठेवावं लागतं. स्वयंपाकघरात तशी सक्ती नाही. पाकीट फोडलं की संपलं.

असो. पुढच्या रविवारी मी पुन्हा प्रयत्न केला. अर्धा किलो खिम्याला (खात नसाल तर शिजवलेला राजमा) एक लहान चमचा ब्याडगीचं तिखट, दोन चमचे जिरेपूड, एक चमचा ओरेगानो आणि चारपाच लसूणपाकळ्या. कांदा परतायचा, खिमा मोकळा होईपर्यंत हलवायचा, मसाला आणि टोमॅटो घालून झाकण ठेवायचं. चीज वितळलं की गॅस बंद. चिप्स अगदी शेवटी, नाहीतर मऊ पडतात.

"कुठली रेसिपी?" असं बायकोने विचारलं, तेव्हा म्हटलं, "लुसियाबाईंची." पूर्ण खरं नाही, पण पाकिटावरच्या नावापेक्षा जास्त खरं आहे. आणि हो, घासायला खरंच एकच पॅन होतं.