मॉस्कोचं चौथं स्थान, दिल्लीचं गोल्ड आणि एलिझा नेल्सन

आजचा भाग यवतमाळवरून. एरवी मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, ऑफिसचं काम आटोपल्यावर रात्री रेकॉर्ड करतो. या वेळी सुट्टीत घरी आलोय, त्यामुळे मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

तर झालं असं. माझी मामेबहीण आठवीत आहे, शाळेकडून हॉकी खेळते. आमच्या यवतमाळचा आकाश चिकटे भारताचा गोलकीपर होता, २०१६ ची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकणाऱ्या टीममध्ये होता, हे तिला तोंडपाठ. परवा जेवताना तिने विचारलं, "दादा, एशियाडमध्ये आपल्या पोरींनी गोल्ड कधी जिंकलं?" मी आपला ठोकून दिलं, "नाही जिंकलं अजून." बाबा म्हणाले, "एशियाडची हॉकी म्हणजे दिल्ली. सात-एक." ती मॅच त्यांनी रेडिओवर ऐकलेली. बहिणीने तोवर मोबाईलवर शोधून काढलं होतं. "इंजिनीअर झाला न तू? अन् एवढंबी माहीत नाही?"

गोल्ड आपण जिंकलंय. १९८२ मध्ये, बाबांच्या त्याच दिल्ली एशियाडमध्ये. कॅप्टन होत्या पुण्याच्या एलिझा नेल्सन.

एलिझा यांचा जन्म पुण्यात, १९५६ चा. पुढे त्या रेल्वेकडून खेळल्या. त्या काळात बायकांच्या हॉकीत रेल्वे म्हणजे नोकरीही आणि टीमही. कॉन्ट्रॅक्ट, लीग, ब्रँड असलं काही नव्हतंच. पगार चालू राहतोय आणि खेळायला सोडतायत, एवढं मिळालं तरी करिअर उभं राहायचं. त्यांची गोष्ट कळायला मात्र दिल्लीच्या दोन वर्षं मागे, मॉस्कोला जावं लागतं.

१९८० च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी पहिल्यांदाच आली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या म्हणून अमेरिका, पश्चिम जर्मनी वगैरेंनी बहिष्कार टाकला. नेदरलँड्सचा हॉकी संघही आला नाही. उरले सहा संघ. सेमीफायनल, फायनल नाही. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक.

भारताची कॅप्टन रूपा सैनी. टीममध्ये एलिझा आणि रेखा मुंडफन, म्हणजे नंतरच्या रेखा भिडे, दोघी होत्या. सुरुवात झकास झाली. ऑस्ट्रियाला २-० आणि पोलंडला ४-० हरवलं. चेकोस्लोव्हाकियाकडून १-२ असे हरलो. झिम्बाब्वेशी १-१ बरोबरी झाली.

इथे झिम्बाब्वेबद्दल थोडं सांगतो, कारण किस्सा भारी आहे. बहिष्कारामुळे रिकाम्या झालेल्या जागी त्यांना ऐनवेळी बोलावलं. टीम घाईघाईत निवडली. घरी त्या गवतावर खेळायच्या, मॉस्कोत कृत्रिम टर्फ. अन् त्याच पोरी गोल्ड घेऊन घरी गेल्या! जिंकल्यावर प्रत्येकीला एकेक बैल मिळणार होता आणि हातात मांसाचं पाकीट पडलं, असंही सांगतात. आपण हरलो की "आपल्याकडे टर्फ नव्हतं" हे कारण ठरलेलं असतं, आणि ते खोटं नाही. पण १९८० पुरतं ते मला अर्धंच पटतं.

असो. ३१ जुलै, शेवटचा सामना सोव्हिएत युनियनशी, त्यांच्याच घरी. आता गणित बघा. भारताचे चार सामन्यांत पाच गुण, सोव्हिएतचे चार. म्हणजे जिंकायचीही गरज नव्हती. नुसती बरोबरी झाली असती तरी भारत सहा, सोव्हिएत पाच, आणि ब्राँझ आपलं. आपण १-३ हरलो. त्या सहावर गेल्या, आपण पाचवर राहिलो. चौथं स्थान.

बरं, त्याच्या दोनच दिवस आधी, २९ जुलैला पुरुषांच्या टीमने स्पेनला ४-३ हरवून गोल्ड घेतलं होतं. देश त्या आनंदात. बायकांची ही मॅच कुणाच्या लक्षात राहणार?

आता दिल्ली. एशियाडमध्येही बायकांची हॉकी पहिल्यांदाच. एलिझा कॅप्टन, अर्जुन पुरस्कार आधीच मिळालेला. भारताने गोल्ड जिंकलं, दक्षिण कोरियाला सिल्व्हर. आणि पुरुषांची फायनल १ डिसेंबरला, पाकिस्तानशी, पंतप्रधान इंदिरा गांधी प्रेक्षकांत. पहिला गोल आपलाच होता. मग सात खाल्ले.

म्हणजे बघा हां. मॉस्कोत पुरुष जिंकले, म्हणून बायकांचं चौथं स्थान झाकलं गेलं. दिल्लीत पुरुष हरले, म्हणून बायकांचं गोल्डसुद्धा झाकलं गेलं! यांनी करायचं तरी काय होतं? बाबांना चाळीस वर्षांनंतरही त्या सात गोलांचा त्रास होतो. एलिझांचं नाव मात्र त्यांनी परवा पहिल्यांदा ऐकलं. बाबांना तरी काय बोलू, मलाही नव्हतंच माहीत.

सरकारने दखल घेतली. १९८३ मध्ये एलिझांना पद्मश्री मिळाली. पण त्याच वर्षी क्वालालंपूरच्या वर्ल्ड कपमध्ये भारत अकरावा आला आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या सहा संघांत आपण नव्हतो. आशियात पहिलं असणं त्या वेळी कामाला आलं नाही. बायकांची टीम पुन्हा ऑलिंपिकला गेली ती थेट २०१६ ला, रिओला. छत्तीस वर्षं! टोकियोत राणी रामपालची टीम ब्राँझच्या मॅचमध्ये ब्रिटनकडून ३-४ हरली आणि आपण रडलो, स्टेटस टाकले. स्थान तेच, चौथं.

आणि एशियाडचं गोल्ड? १९८२ नंतर ते परत आलेलंच नाही. १९९८ ला सिल्व्हर. २०१८ ला फायनलमध्ये जपानकडून १-२ हार, पुन्हा सिल्व्हर. हांगझौला ब्राँझ. आता तर एशियाडच्या गोल्डला ऑलिंपिकचं थेट तिकीट असतं. हांगझौला ते हुकलं, मग २०२४ च्या जानेवारीत रांचीतल्या पात्रता स्पर्धेत जपानकडून ०-१ हरलो आणि पॅरिसचं दार बंद झालं. एलिझा कॅप्टन असताना जे सोनं मिळालं, ते हांगझौपर्यंत तरी बायकांच्या हॉकीतलं आपलं एकुलतं एक एशियाड गोल्ड आहे.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. "रेखा भिडे कोणत्या पोझिशनला खेळायच्या?" ते शोधायचं काम तिने मला लावून दिलंय आणि स्वतः पोस्टल ग्राउंडवर गेलीये. चला, भेटू पुढच्या भागात.