वैरणीचे मोल

चंदी, तोबरा, दाणावैरण हे शब्द मराठीच्या विद्यार्थ्याला नवे नाहीत. घोडदळावर उभ्या राहिलेल्या राज्याच्या भाषेत ते असणे स्वाभाविकच होते. मात्र शेरभर दाणा किती गवताच्या तोलाचा, या प्रश्नाचे उत्तर अनुभवी मोतद्दाराच्या अंदाजात असे. त्या अंदाजाला अंकाचे रूप देण्याचा खटाटोप एकोणिसाव्या शतकातील युरोपने केला. त्याचा मागोवा आम्ही येथे थोडक्यात घेत आहोत. एखादे माप कसे घडते आणि घडताना काय वगळते, हे त्यातून कळते.

आरंभ जर्मनीत झाला. अल्ब्रेख्त थेअर या कृषितज्ज्ञाने शतकाच्या पहिल्या दशकाअखेर कुरणातील चांगले वाळले गवत हे एकक मानले आणि इतर खाद्यांची किंमत त्याच्या तुलनेत मांडली. व्यवहाराला ही कल्पना सोयीची होती. परंतु गवत स्वतःच जमिनीगणिक आणि हंगामागणिक बदलते. मोजपट्टीच स्थिर नसेल, तर मोजणी कशी स्थिर राहावी? पुढे १८६०च्या दशकात ग्योटिंगनजवळील वेंडे येथे हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी खाद्याचे प्रथिने, स्निग्धांश, तंतू असे रासायनिक पृथक्करण करण्याची पद्धत बसवली.

उष्मामापकाने नवाच पेच उभा केला. किलोभर ओट आणि किलोभर गव्हाचे काड जाळले, तर उष्णता जवळजवळ सारखीच निघते! तबेल्यातला पोऱ्याही यावर हसला असता. याचा अर्थ इतकाच, की आगीचा हिशेब आणि देहाचा हिशेब एक नव्हे. म्हणून वजाबाकी सुरू झाली. लिदीतून जाणारी ऊर्जा वगळली की पचनीय ऊर्जा उरते. मूत्र आणि वायू यांतून जाणारी वगळली की चयापचयी ऊर्जा, आणि चर्वण व पचन यांच्या श्रमात उष्णता होऊन जाणारी वगळली की निव्वळ ऊर्जा.

या वजाबाकीमागे खरे घोडे उभे होते. पॅरिसमध्ये भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या कंपनीच्या घोड्यांवर लुई ग्रांदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८०च्या दशकात प्रयोग केले. हजारो घोडे पोसणाऱ्या कंपनीला दाण्याचा खर्च ही जिवाभावाची बाब होती. बर्लिनमध्ये नाथान त्सुंट्स यांनी १८८९च्या सुमारास फिरत्या पट्ट्यावर घोडा चालवून त्याचा श्वास मोजला. गवत चावण्यातच घोड्याची बरीच शक्ती खर्ची पडते, हे अशा प्रयोगांतून दिसले.

यानंतर विपरीत घडले. ऑस्कर केलनर यांनी १९०५च्या ग्रंथात मांडलेले स्टार्च-मूल्य बऱ्याच ठिकाणी मान्यता पावले. पण त्याचा आधार होता बैल. रवंथ करणाऱ्या जनावराचे अन्न आधी पोटात आंबते. घोड्याच्या लहान आतड्यात दाण्यातील पिष्टाची साखर आधी शोषली जाते आणि तंतूंचे किण्वन नंतर मोठ्या आतड्यात होते. घोड्याला बैलाच्या मापाने मोजणे म्हणजे त्याच्या देहाची रीतच नाकारणे होय. शिवाय याच काळात मोटार आणि ट्रॅक्टर आल्याने घोड्याची आर्थिक गरज ओसरली. गरज ओसरली की मापाची चिकित्साही मंदावते.

फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९८४ साली खास घोड्यासाठी निव्वळ ऊर्जेवर आधारित एकक दिले. त्यात किलोभर सातू म्हणजे एक. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७च्या आवृत्तीतही पचनीय ऊर्जाच ठेवली, तर जर्मन तज्ज्ञांनी २०१४ साली चयापचयी ऊर्जा स्वीकारली. परिणामी गवताच्या एकाच पेंढीला तीन देशांत तीन आकडे मिळतात.

यांतील कोणताही आकडा खोटा नाही. प्रत्येकाने वजाबाकी वेगवेगळ्या ठिकाणी थांबवली आहे, एवढेच. आमच्या मते ‘खरा आकडा कोणता’ असे विचारण्याआधी ‘यातून काय वजा केले, आणि कोणाच्या देहावरून’ असे विचारले पाहिजे. वाङ्मयाचे मूल्यमापन करणाऱ्या आपणा सर्वांनाही हा प्रश्न परका वाटू नये.